हात बसला पाहिजे

गाडीवर हात बसायला वर्षे जावी लागतात, असे जुनी मंडळी सांगतात. तुम्ही एवढे थांबू नये. हात बसवायचाच असेल तर तो गाडी सुरू होताच गिअरच्या दांड्यावर बसवावा आणि मुक्कामाला पोहोचेपर्यंत तिथून उठू देऊ नये. दांड्यावर सतत पडणाऱ्या या भाराने गिअरबॉक्समधले फोर्क विनाकारण झिजतात, अशी कुरकुर मेकॅनिक करतील. परंतु एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्याने दांडा धरलेला माणूस किती रुबाबदार दिसतो, हे बोनेटमध्ये डोके घालून बसणाऱ्याला कुठून कळणार?

हातासारखाच पायही बसवावा, आणि त्यासाठी क्लचइतकी सोयीची जागा दुसरी नाही. क्लच हळूहळू सोडताना एक क्षण असा येतो की, इंजिनाचा आवाज किंचित खाली उतरतो, बोनेट नखभर वर उचलल्यासारखे होते आणि तळपायाला बारीकशी थरथर जाणवते. इंजिन आणि चाके यांची गाठ पडते ती इथे. काही चिकट माणसे हा क्षण ओळखता यावा म्हणून मोकळ्या मैदानात ॲक्सिलरेटरला स्पर्शही न करता, केवळ क्लचवर गाडी मुंगीच्या पावलांनी पुढे नेण्याचा सराव करत बसतात. तुम्ही मात्र पाय कायमचा क्लचवर ठेवावा, म्हणजे ती गाठ कधी पडली आणि कधी सुटली याची चौकशीच उरत नाही. चढावर थांबायची वेळ आल्यास हँडब्रेक ओढण्याचा कमीपणा न घेता हाफ क्लचवर गाडी झुलवत ठेवावी. थोड्याच वेळात जळकट वास येऊ लागेल. तेव्हा पुढच्या गाडीकडे पाहून नाक मुरडावे.

गिअर बदलताना शेजारी बसलेल्या माणसाच्या मानेकडे अवश्य लक्ष द्यावे. इंजिनाचा वेग आणि चाकांचा वेग यांचा मेळ बसला नसताना क्लच सोडला की गाडी हिसका देते आणि ती मान एकदा पुढे, एकदा मागे जाते. याचा अर्थ एवढाच की, तुमचे चालवणे त्यांना पटत आहे. पाचही गिअर पार होईपर्यंत त्यांनी पाच वेळा मान डोलावली, तर अधिक दाद ती कोणती मागायची?

ब्रेकच्या बाबतीत मात्र काही लोकांनी अकारण शास्त्र माजवून ठेवले आहे. त्यांच्या मते रस्ता आणि गाडी यांची भेट प्रत्येक टायरखालच्या जेमतेम तळहाताएवढ्या जागेत होते. तिथली पकड ही एकच पुंजी असून ती थांबण्यासाठी खर्च केली की वळण्यासाठी तेवढी कमी उरते. म्हणून ते वळणाच्या आधीच, सरळ रस्त्यावर, वेग कमी करतात. ब्रेक दाबताना भार पुढच्या चाकांवर येतो, हे जाणून पाय बेताबेताने वाढवतात आणि गाडी थांबण्याच्या शेवटच्या क्षणी तो अलगद सैल करतात, जेणेकरून थांबल्याचे कोणाला कळूही नये. आता, ज्याचे थांबणे कोणाच्या ध्यानातही येत नाही, असा चालक असून नसल्यासारखाच! तुम्ही वळणात निम्मे शिरल्यावर, बेत अचानक बदलल्याप्रमाणे, ब्रेकवर उभे राहावे. अशा वेळी पायाखाली पेडल थरथरू लागले, तर घाबरून पाय उचलावा. ती थरथर म्हणजे चाके जाम होऊ नयेत आणि स्टिअरिंगचा उपयोग राहावा म्हणून एबीएसने चालवलेली खटपट असते, पाय तसाच दाबून ठेवायचा असतो, वगैरे माहितीपुस्तकात छापलेले आहे; पण ते पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर काढल्यास गाडीचे नवेपण जाते.

पुढच्या गाडीपासून अंतर एवढेच राखावे की, तिच्या नंबरप्लेटवरचे स्क्रू मोजता यावेत. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते, आणि वेग ४० वरून ८० झाला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते, हे गणित खरे आहे; मात्र स्क्रू मोजणाऱ्याने एका वेळी एकच गणित करावे. लांब उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकावी, कारण इंधन वाचते. वास्तविक गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला तर आजकालची इंजिने इंधन जवळजवळ बंदच करतात, शिवाय इंजिन गाडीला मागे धरून ठेवते आणि ब्रेक तापून निकामी होण्याची वेळ येत नाही. परंतु पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली काटकसर असल्या क्षुल्लक कारणासाठी मोडू नये. नजर बोनेटच्या टोकावर, आणि खड्डा दिसल्यास खड्ड्यावर, खिळवून ठेवावी. हात नजरेमागे जातात, त्यामुळे खड्डा चुकण्याची धास्ती राहत नाही.

या सगळ्यात गाडी अधूनमधून बोलण्याचा प्रयत्न करील. एका चाकात हवा कमी झाली की स्टिअरिंग त्या बाजूला ओढू लागेल, चाकाचे बेअरिंग गेले की वेगाबरोबर घरघर वाढेल, ब्रेकचे पॅड संपत आले की बारीक किंचाळी ऐकू येईल. पहिल्यावर उपाय म्हणून दंड कमवावेत. उरलेल्या दोहोंसाठी रेडिओ आहे. त्याचा आवाज घरघरीच्या एक घर वर ठेवावा.

एवढे करूनही एक दिवस गाडी गॅरेजमध्ये न्यावीच लागेल. तिथला माणूस किल्ली घेऊन समोरच्या रस्त्यावर एक फेरी मारील आणि परत येऊन, बोनेट न उघडताच, क्लच प्लेट संपली, उजव्या बाजूचे पुढचे बेअरिंग गेले, पॅडही उरले नाहीत, असे हात पुसत सांगेल. एवढे सगळे त्याला एका फेरीत कसे कळले, याचे कोडे तुम्ही आत जाऊन बसल्यावर लगेच सुटेल: त्याने रेडिओ बंद केलेला असेल.