टॉवर नाही, मग बोलणार कोण?

मांडवी नदीत सी-प्लेन उतरवायची कल्पना गोव्यात दर काही वर्षांनी डोकं वर काढते, आणि आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप गटात लगेच दोन पक्ष पडतात. पेडण्याचा चुलतभाऊ म्हणतो, "दाबोळीला नेव्हीचे कंट्रोलर, मोपाला टॉवर, तरी लोक जीव मुठीत धरून बसतात. आणि तुम्ही टॉवर नसलेल्या ठिकाणी विमानं उतरवणार?" साखळीचे काका म्हणतात, "अरे, ऑस्ट्रेलियात शेकडो विमानतळ टॉवरशिवाय चालतात. विचार त्याला."

'त्याला' म्हणजे मला. मी व्हिक्टोरिया राज्यात राहतो आणि सुट्टीच्या दिवशी क्लबचं दोन सीटांचं विमान भाड्याने घेऊन उडवतो. काका म्हणतात ते खरं आहे. फक्त त्यांना वाटतं तितकं सोपं नाही.

आधी भावाचं बघू. टॉवर असला की टक्कर टळते, असं काही नसतं. 12 नोव्हेंबर 1996 ला चरखी दादरीच्या आकाशात सौदीचं जंबो आणि कझाकस्तानचं इल्युशिन आदळून 349 माणसं गेली. दोन्ही विमानं दिल्लीच्या नियंत्रकाशी बोलत होती. कझाक विमानाला 15,000 फुटांवर राहायला सांगितलं होतं, ते त्याखाली उतरलं. लांब कशाला, दाबोळीलाच 1 ऑक्टोबर 2002 ला नौदलाची दोन आयएल-38 विमानं एकमेकांवर आदळली आणि त्यांतले बाराही जण गेले.

आता काका. आमच्या क्लबच्या धावपट्टीवर कोणी परवानगी देत नाही, कारण द्यायला कोणी नसतंच. दहा मैलांवर असतानाच रेडिओवर बोलायला सुरुवात करायची: आधी गावाचं नाव, मग मी कोण, कुठल्या दिशेला, किती उंचीवर, कितीला पोचतो, आणि शेवटी परत गावाचं नाव. दोनदा अशासाठी की एकाच फ्रिक्वेन्सीवर शेजारपाजारचे विमानतळही बोलत असतात आणि ऐकणाऱ्याचं लक्ष बऱ्याचदा वाक्य अर्धं झाल्यावर जातं. काकांच्या मते हे म्हणजे आपण चोर्ल्याच्या घाटात वळणावर हॉर्न वाजवतो तसंच. पण हॉर्न फक्त "मी आलो" एवढंच सांगतो. इथे तेवढ्यावर भागत नाही. म्हणून उतरण्याचा रस्ताही ठरलेला असतो. साधारणपणे धावपट्टी डाव्या हाताला ठेवून, जमिनीपासून हजार फुटांवर, चौकोनी फेरी मारायची. वेगवान विमानं दीड हजारावर. सगळे त्याच वाटेने आले तर निदान नजर कुठे टाकायची ते कळतं.

नजरेवर फार भिस्त ठेवू नये, हेही सांगून टाकतो. जे विमान तुमच्यावर आदळणार असतं ते काचेत हलताना दिसत नाही. हलणारं विमान डोळ्याला पटकन सापडतं आणि ते बहुतेक वेळा बाजूने निघून जातं. धोक्याचं असतं ते एका जागी चिकटलेल्या ठिपक्यासारखं, काचेवर मेलेल्या माशीएवढं. बराच वेळ तेवढंच राहतं आणि मग एकदम मोठं होतं. म्हणून कान आधी, डोळे नंतर.

आणि कानही फसतात. 2023 च्या जूनमध्ये आमच्याच राज्यातल्या मिल्डुराला एक छोटं पायपर आणि प्रवाशांचं डॅश-8 एकमेकांना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्यांवरून एकाच वेळी उडायला निघाले. पायपरवाल्याने रेडिओवर सांगितलं होतं, पण धावपट्टीचा नंबर 36 च्या जागी 35 म्हणाला. मिल्डुराला 35 नंबरची धावपट्टीच नाही. डॅशच्या वैमानिकांना वाटलं, हा दुसऱ्याच कुठल्या विमानतळावरून बोलतोय. मध्ये इमारती, त्यामुळे एकमेकांना दिसत नव्हते. बोलणं झालं, ऐकणंही झालं, तरी निभावलं ते थोडक्यात.

आमच्या राज्यात एक मँगलोर नावाचं गावही आहे. (आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिला वाटलं मी न सांगता भारतात येऊन गेलो.) तिथे 19 फेब्रुवारी 2020 ला दोन प्रशिक्षण विमानं हवेत आदळून चौघे गेले. नियंत्रकाने दोघांनाही एकमेकांबद्दल सांगितलं होतं. पुढे त्यांनी आपसात बोलून वाट ठरवायची होती, ते जमलं नाही. दोघांकडे आपली जागा प्रसारित करणारं एडीएस-बी होतं, पण दुसऱ्याची जागा दाखवणारं यंत्र नव्हतं. त्यानंतर सरकारने छोट्या विमानवाल्यांना एडीएस-बीसाठी निम्म्यापर्यंत पैसे परत द्यायची योजना काढली. काचेला चिकटवायचं हाताएवढं यंत्रसुद्धा त्यात धरलं होतं.

काकांच्या "शेकडो विमानतळां"मागे हे एवढं सगळं असतं. प्रमाणित विमानतळावर येणाऱ्याला रेडिओ सक्तीचा. जेट आणि खेळण्याएवढी विमानं जिथे एकत्र येतात त्या बॅलिनाला, एक एअरबस आणि एक छोटं जॅबिरू फारच जवळून गेल्यावर, 2021 मध्ये दूरच्या केंद्रात पडद्यासमोर माणूस बसवला. त्याने हुकूम द्यायचा नव्हता. कोण कुठे आहे तेवढं सांगायचं होतं. माझं मत विचाराल तर आपल्याकडच्या छोट्या धावपट्ट्यांना हीच पायरी लागू पडते. टॉवरच्या इमारतीला वर्षं लागतात, फीत कापायला मंत्री लागतात. रेडिओ आणि ट्रान्सपाँडरची (रडारला आपोआप उत्तर देणाऱ्या यंत्राची) सक्ती, वर एक माणूस, हे पहिल्या उड्डाणाआधी होऊ शकतं. ट्रान्सपाँडर बंद असेल तर मोठ्या विमानातलं टक्कर टाळणारं यंत्रही आंधळं असतं, म्हणून यात सवलत नको. हौशी विमानवाल्यालाही नको, व्हीआयपीच्या हेलिकॉप्टरला तर नकोच.

पण मांडवीसाठी माझ्याकडे ऑस्ट्रेलियातलं तयार उत्तर नाही. तिथे धावपट्टी म्हणजे नदी, आणि नदीवर कॅसिनोंच्या बोटी, पर्यटकांच्या क्रूझ, मासेमारीच्या होड्या, पणजी-बेतीची फेरी. समुद्री नियमांप्रमाणे पाण्यावर टेकलेल्या सी-प्लेननेच सर्वसाधारणपणे बाकीच्या जहाजांपासून लांब राहायचं असतं. कागदावर ठीक आहे. टेकायच्या आधीचं काय? भर गर्दीच्या वेळी स्कूटर भरून निघालेल्या फेरीबोटीच्या तांडेलाला वरून विमान येतंय हे कोण सांगणार, आणि कुठल्या रेडिओवर, तेवढं काकांनी गटात आधी लिहावं.