‘चघळणे’ या शब्दाबद्दल

नमस्कार ‘एक वाचक’ (स्वतःचं नाव घातलं असतंत तर बरं वाटलं असतं, असो),

अठराव्या शतकात अतिउंचीसाठी गाजलेल्या चार्ल्स बर्न या ‘आयरिश राक्षसा’वरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात: उंची चुकली, सांगाडा संग्रहालयात ठेवायला त्याची संमती नव्हती हे मी दोन ओळींत उरकलं, आणि ‘ज्यांच्या घरात असा रुग्ण नसतो त्यांनाच असल्या नोंदी चघळायला सुचतं.’

उंचीचं मान्य. आठ फूट हा, त्याला पैसे घेऊन लोकांना दाखवायचे त्या खेळाच्या जाहिरातीतला आकडा. सांगाडा भरतो साधारण 7 फूट 7 इंच. दुरुस्त केलंय. धन्यवाद.

पण ‘चघळायला’? माझ्या थोरल्या आत्याला अ‍ॅक्रोमेगली होती, म्हणजे वाढीचं संप्रेरक जास्त झाल्याने मोठेपणी हातपाय, चेहरा वाढत जाण्याचा आजार. बर्नचा आजारही त्याच मुळाचा. लग्नातली अंगठी बोटात रुतली, सोनाराने कापून काढली, तर आजी म्हणाली, ‘सुखाने अंग धरलंय.’ पुढे चपला पुरुषांच्या घ्याव्या लागल्या. नाक, जबडा, ओठ इतके हळू बदलले की रोज बघणाऱ्या आम्हाला कळलंच नाही. शेवटी एका डॉक्टरांनी जुने फोटो मागवले, लग्नातला आणि भावाच्या बारशातला शेजारी शेजारी ठेवले, आणि मग रक्त तपासायला सांगितलं. तिचे केसपेपर त्या रुग्णालयाने नंतर रद्दीत घातले. दुसरीकडे नेलं तेव्हा सगळं पहिल्यापासून. नोंदीची किंमत मला शिकवू नका.

बर्न 1783 मध्ये लंडनला वारला. 1909 मध्ये मेंदूचे शल्यविशारद हार्वी कुशिंग आणि शरीररचनातज्ज्ञ आर्थर कीथ यांनी कवटी उघडली, तर पीयूषिका ग्रंथीची (मेंदूखालची, वाढीचं संप्रेरक बनवणारी ग्रंथी) खोबण वाढलेली. 2011 मध्ये त्याच्या दातांतल्या डीएनएत एआयपी नावाच्या जनुकातला, या ग्रंथीत गाठ होण्याचा धोका वाढवणारा बदल सापडला, आणि तोच उत्तर आयर्लंडमधल्या आजच्या काही रुग्णांतही निघाला. त्यांच्या घरच्यांची आता लक्षणं दिसायच्या आधीच तपासणी करता येते. याला तुम्ही चघळणं म्हणता? म्हणा बापडे.

राहिली संमती. ‘मेल्यावर मला समुद्रात बुडवा’ असं बर्न सांगून गेला होता, जॉन हंटर या शल्यविशारदाने पैसे चारून देह मिळवला, हे लेखात आहे. 2023 मध्ये हंटरच्या संग्रहाचं लंडनमधलं हंटेरियन संग्रहालय पुन्हा उघडलं तेव्हा सांगाडा मांडलाही नाही. मग आता माझ्यावर कशाला उखडता?

आणि हो, आत्याचे ते दोन फोटो लेखात टाकणार होतो. आतेभाऊ म्हणाला, ‘आईला आवडलं नसतं.’ नाही टाकले. तेवढी जाण आम्हालाही आहे.