गोळी खलबत्त्यात घालण्याआधी

महिनाभरात एकच मेसेज मला तीन ग्रुपांवर आला: कॉलनीच्या, माहेरच्या भावकीच्या आणि, कमाल म्हणजे, आम्हा केमिस्टांच्याही. मजकूर साधारण असा: ‘म्हातारी माणसं औषध घेत नाहीत? हट्टाला कारण नसतं, म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण. गोळी कुटून वरणात किंवा दुधात घाला, कळतसुद्धा नाही. सकाळची चुकली तर रात्री दोन द्या. तरी ऐकलं नाही तर आवाज चढवा, मुकाट्याने घेतात.’ खाली जोडलेले हात. मी १९ वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभी आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही.

‘कुटून घाला’ हे आधी घेते, कारण यात जिवाशी खेळ आहे.

गोळीच्या नावापुढे एसआर, एक्सएल, ईआर, सीआर, एमआर किंवा रिटार्ड असं काही असेल, तर ती पोटात हळूहळू सुटावी म्हणून तशी बनवलेली असते. कुटली की दिवसभर पुरवायचं औषध एकदम अंगात जातं. ब्लडप्रेशरची निफेडिपिन रिटार्ड कुटून दिली तर प्रेशर धाडकन उतरू शकतं. म्हातारं माणूस बाथरूमला जायला उठतं आणि तिथेच पडतं. डायबेटिसच्या ग्लिक्लाझाइड एमआरने तशीच शुगर खाली येऊ शकते. प्रेशरच्याच मेटोप्रोलॉल एक्सएलच्या बऱ्याच गोळ्यांवर मधे रेघ असते, ती रेघेवर अर्धी केली तर चालते. ‘मग कुटली तर काय झालं?’ असं एका काकांनी विचारलं होतं. अर्ध्या तुकड्यातही औषध हळूच सुटतं, भुकटीत तसं राहत नाही.

काही गोळ्यांना आवरण असतं. ॲसिडिटीचं पॅन्टोप्राझोल पोटातल्या आम्लात टिकत नाही, म्हणून ते आतड्यापर्यंत झाकून न्यावं लागतं. कुटलं की औषध वाटेतच वाया. ॲस्पिरिन ७५ चं उलट आहे, तिथे आवरण पोटाला जपण्यासाठी असतं. ॲसिडिटीच्याच ओमेप्राझोलची कॅप्सूल फोडली की राजगिऱ्याएवढे दाणे निघतात. आवरण त्या एकेका दाण्यावर असतं, म्हणून ते दाणेही चिरडायचे नाहीत.

हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेन्ड्रोनेट तर वरणात घालायचा विचारही करू नका. ती सकाळी रिकाम्या पोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर अख्खी गिळायची आणि नंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. नाहीतर तोंडात, अन्ननलिकेत व्रण होतात. आणि प्रोस्टेटची फिनास्टेराइड? सासऱ्यांची ही गोळी कुटणारी सून गरोदर असेल आणि पोटात मुलगा असेल, तर त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. गर्भवतीने तुटक्या-कुटक्या गोळीला हात लावायचा नाही, हे औषधासोबतच्या माहितीत लिहिलेलं असतं. तो कागद कोण वाचतं म्हणा.

दुधाचं थोडक्यात. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, चहाच्या अर्धा-एक तास आधी, पाण्याबरोबर. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दुधाबरोबर घेतलं तर त्यातलं बरंचसं अंगी लागतच नाही.

‘कळतसुद्धा नाही’ म्हणे. अहो, साठ वर्षं ज्या बाईने वरणाला फोडणी दिली तिला कडवटपणा कळणार नाही? ती दोन घास खाऊन ताट सारते. मग डोस किती गेला, पाव की अर्धा? डॉक्टर मात्र ‘पूर्ण डोस देऊनही फरक नाही’ असं समजून औषध वाढवतात. संशय बसला की माणूस घरचं जेवणच नाकारतं, आणि हे औषध नाकारण्यापेक्षा वाईट. काही माळकरी आजोबा कॅप्सूलला नाही म्हणतात, कारण तिचं कवच बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांपासून केलेलं असतं. त्यांना गोळी किंवा सिरप मिळतं का ते विचारता येतं. खिरीतून गुपचूप कॅप्सूल देणं हा मात्र त्यांच्या माळेशी दगा आहे.

एक अपवाद मान्य करते. स्मृतिभ्रंश पुढच्या टप्प्यात गेला असेल, औषध काय आणि कशाला हेच उमजत नसेल, आणि ते अत्यावश्यक असेल, तर अन्नातून देण्याचा निर्णय कधीकधी घेतला जातो. पण तो डॉक्टरांशी बोलून, कोणतं औषध मिसळून चालतं हे एकेक तपासून.

आता ‘हट्टाला कारण नसतं’. पहिली गोष्ट, औषध चुकवणं ही म्हाताऱ्यांची मक्तेदारी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात विकसित देशांतही दीर्घ आजाराची औषधं नीट घेण्याचं प्रमाण सरासरी ५० टक्केच दिलंय. दुसरी, कारण असतं, ते आपण विचारत नाही. एक आजी महिनोन्‌महिने खोकल्याचं सिरप न्यायच्या. चिठ्ठ्या पाहिल्या तर प्रेशरसाठी रॅमिप्रिल होतं, आणि कोरडा खोकला हा त्याचा नेहमीचा त्रास. डॉक्टरांनी गोळी बदलली, खोकला गेला. अम्लोडिपिनने घोटे सुजतात, मेटफॉर्मिनने जुलाब होतात. आणि लघवीची गोळी! एसटीने लेकीकडे जायच्या दिवशी कोणती आजी ती घेईल? वाटेत उतरायची सोय नसते आणि नातवासमोर लाज वाटते. त्या दिवशी पोचल्यावर घेतली तर चालेल का, एवढंच डॉक्टरांना विचारायचं असतं.

गिळता न येणं हेही एक मोठं कारण. कॅप्सूल पाण्यावर तरंगते, त्यामुळे मान मागे टाकून उपयोग नाही. घोट तोंडात ठेवून हनुवटी छातीकडे झुकवून गिळायची. २०१४ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या संशोधकांनी हे तपासून पाहिलंय. मात्र पक्षाघात किंवा पार्किन्सन असेल, साध्या पाण्यानेही ठसका लागत असेल, तर असे प्रयोग घरी नकोत.

‘रात्री दोन द्या’ याला एका ओळीत उत्तर: शुगरची, रक्त पातळ करणारी, हृदयाची गोळी कधीच दुप्पट नाही.

राहिला चढवलेला आवाज. हा मीही चढवलाय. नाना, माझे वडील, शुगरची गोळी टाळायचे आणि मी दुकान बंद करून, दमून, त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहायचे. घ्यायचे खरंच मुकाट्याने. पुढे दिवाळीत तुळशीची माती बदलताना फुगून पांढरा लगदा झालेल्या कितीतरी गोळ्या सापडल्या. रागवायचं बळही उरलं नव्हतं, म्हणून नुसतंच विचारलं. म्हणाले, ‘अगं, ती घशात अडकते. आणि वर पाणी प्यायलो की रात्री तीनदा उठायला लागतं.’ डॉक्टरांना फोन करून दुसरी पाहिली. तेच औषध, तेवढ्याच ताकदीचं, दुसऱ्या कंपनीचं, आकाराने बरंच लहान. माझ्याच दुकानात होतं, दोन फळ्या सोडून.