"ब्लॉक एकच असतो" या तक्रारीला बेळगावच्या उद्यमबागेतून उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही आम्हाला रिव्ह्यूत एक तारा दिलात आणि लिहिलंत की साध्या आणि टर्बो (टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेलं ओतीव धड, एकच असतो, तरी आम्ही टर्बोच्या नावावर दुसरा ब्लॉक तुमच्या गळ्यात मारायला बघितला. बारा दिवस इंजिन उघडून ठेवलं, तपासणीचे 3,500 रुपये घेतले आणि तुमच्या साध्या इंजिनाला टर्बो बसवायचं काम केलंच नाही. कोल्हापुरात हेच काम दोन दिवसांत होतं, असंही लिहिलंत. तुमचं नाव इथं घेत नाही. पण उत्तर सगळ्यांसमोर देतो, कारण खानापूर, निपाणी, चंदगडकडनं हाच प्रश्न घेऊन आमच्याकडं माणसं येतात आणि प्रत्येकाच्या पोटापाण्याची गाडी असते.

आधी बारा दिवसांचं. इंजिन उघडून, धुऊन, मापं घेईपर्यंत आम्हाला चार दिवस लागले. उरलेले आठ दिवस ब्लॉक रॅकवर नुसता पडून होता. पोरांना वाटलं मी तुम्हाला फोन केला, मला वाटलं त्यांनी केला. त्या आठ दिवसांत तुमच्या आठ खेपा बुडाल्या. ही चूक माझी आहे आणि त्याबद्दल मी तुमची माफी मागतो. दुसरं म्हणजे, आम्ही हातात दिलेला मापांचा कागद इंग्रजीत होता. त्यावरचे आकडे समोर बसून मराठीत समजावून सांगायला हवे होते. ते मी आज इथं सांगतो.

तुमच्या इंजिनाचं तिसऱ्या नंबरचं सिलिंडर सगळ्यात जास्त झिजलंय. वरच्या बाजूला, जिथं पहिली रिंग थांबते, तिथं 0.28 मिलिमीटर आणि खाली 0.09. म्हणजे बोअर (सिलिंडरचं भोक) वर रुंद, खाली अरुंद झालाय. गाडी ऑइल खात होती आणि बॅक कॉम्प्रेशन मारत होती (वायू रिंगांवरून खाली येत होता) ती यानं. बाकीची तीन सिलिंडरं यापेक्षा बरी आहेत. क्रँकचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग, ग्राइंड करून एक साइज खाली गेले की चालतील, क्रॅक टेस्टमध्ये क्रँक पास आहे. ब्लॉकलाही कुठं चीर नाही. रिबोअर (बोअर मोठा कापणं), होनिंग (तो आतून घासून नीट करणं), ओव्हरसाइज म्हणजे एक माप मोठे पिस्टन आणि रिंगा, नवी बेअरिंगं, हेडचं फेसिंग, एवढ्यावर हा ब्लॉक पुन्हा उभा राहतो, पण साधं इंजिन म्हणूनच. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं.

आता "ब्लॉक एकच असतो" याबद्दल. तुम्ही दोन्ही ब्लॉक शेजारी ठेवून बघितले असतील तर ते सारखेच दिसले असणार, ते मी नाकारत नाही. पुष्कळ इंजिनांत साधा आणि टर्बोचा ब्लॉक एकाच पॅटर्नमधून ओतलेला असतो. पण आपल्या बेळगावात फाउंड्रीत हात काळे केलेली माणसं कमी नाहीत. त्यांतल्या कुणालाही विचारा, एकाच साच्यातून निघालेली दोन कास्टिंगं मशीनवरून उतरल्यावर किती वेगळी होतात ते. तुमच्या ब्लॉकमध्ये खालच्या बाजूला प्रत्येक सिलिंडरखाली कास्टिंगची एक जाड गाठ आहे. टर्बोच्या ब्लॉकमध्ये तिथं भोक पाडून ऑइलचा जेट बसवतात, तो पिस्टनच्या पोटावर खालून सतत ऑइलची धार मारतो. तुमच्याकडं ती गाठ कोरी आहे. टर्बोला ऑइल द्यायची वाट आणि ते परत खालच्या ऑइल चेंबरमध्ये यायची वाट, दोन्हींच्या जागा आहेत, भोकं नाहीत. ऑइल पंपही लहान आहे.

तुम्ही दुकानातच विचारलं होतं की भोकं पाडा की मग, त्यात काय एवढं. पाडता येतात. आमच्याकडं मशीन आहे, माणूस आहे. पण चार जेट उघडले की ऑइलला चार नव्या वाटा फुटतात, आणि लहान पंपानं गरम इंजिनात आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) बेअरिंगला पुरेसा दाब राहत नाही. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. तिथं ऑइलचा दाब कमी झाला की पहिल्यांदा तो जातो, नंतर क्रँकची बेअरिंगं. मोठा पंप बसवायचा म्हटला तर ड्राइव्ह, चेंबर, सक्शन सगळं बदलतं. अशा एकेक वस्तू बदलत गेलो की खर्च टर्बोच्या पुऱ्या इंजिनाजवळ पोचतो आणि ब्लॉक मात्र तुमचा जुनाच राहतो.

ताकदीचा हिशेबही सांगतो, कारण माझी खरी भीती तिथं आहे. सोपं जावं म्हणून 100 मिलिमीटरचा बोअर धरा. पिस्टनच्या डोक्याचं क्षेत्रफळ 78.5 चौरस सेंटिमीटर होतं. साध्या डायरेक्ट इंजेक्शन डिझेलमध्ये डिझेल पेटतं तेव्हा दाब साधारण 80 बारपर्यंत जातो (एक बार म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो), म्हणजे पिस्टनवर सहा टनांहून जास्त भार. टर्बो लावून डिझेल वाढवलं की हाच दाब 120 बारपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे साडेनऊ टन. 2,400 आरपीएमला एका सिलिंडरमध्ये हा दणका सेकंदाला वीस वेळा बसतो. खाली तो क्रँकच्या मेन बेअरिंगच्या कॅपवर आणि ती कॅप धरणाऱ्या भिंतीवर जातो, वर हेडच्या बोल्टवर. बीड, म्हणजे ब्लॉकचं ओतीव लोखंड, दाबाला पोलादासारखं तगतं, पण ओढीला कच्चं असतं, आणि बोल्ट ब्लॉकला ओढत असतात. म्हणून ज्या इंजिनाची रचना मुळातच टर्बोसाठी केलेली असते त्यात या भिंती, बोल्ट, गजन पिन (पिस्टन जोडणारी पिन) आणि हेडची पॅकिंग जास्त भार धरून केलेली असतात. पिस्टनही वेगळा असतो. टर्बोत हवा आधीच दाबून आत येते, म्हणून कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन हवा किती पट दाबतो ते) बहुधा थोडा कमी ठेवतात. साध्या इंजिनाचा पिस्टन तसाच ठेवून वरून टर्बोची हवा भरली की दाब हिशेबापलीकडं जातो.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण ती तुमच्या बाजूची आहे. नुसती हवा वाढवली आणि डिझेल पंपाचं डिझेल आहे तेवढंच ठेवलं, तर ब्लॉकवर भार थोडाच वाढतो. धूर कमी होतो, डिझेल नीट जळतं. बेळगाव साधारण 750 मीटर उंचीवर आहे, इथं हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी असतो, आणि साध्या इंजिनाला ते जाणवतं. तेवढं भरून काढायला कुणी कमी बूस्टचा, म्हणजे हवा कमी दाबणारा, टर्बो लावला तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. पण तुम्हाला ते नको होतं. तुम्हाला ओढ हवी होती, जास्त माल भरून. ओढ डिझेल वाढवल्यावरच येते, आणि डिझेल पंप वाढवला की वरचा साडेनऊ टनांचा हिशेब सुरू होतो.

कोल्हापुरात असो की बेळगावात, लावून देणारे आहेत हे खरं आहे. मॅनिफोल्ड बदलायचा, टर्बो टांगायचा, ऑइल प्रेशर स्विचच्या जागेतून टी (तीन तोंडांचा जोड) काढून ऑइल द्यायचं, डिझेल पंपाचा स्क्रू फिरवायचा. दोन दिवसांचंच काम आहे. अशीच केलेली एक गाडी गेल्या वर्षी आमच्याकडं टो होऊन आली. मालक सांगत होता की पहिले तीन महिने गाडी वाऱ्यासारखी पळाली. उघडली तेव्हा दुसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनचा पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधला काठ तुटून बोअर उभा खरवडला होता, आणि हेड बोल्टच्या भोकापासून पाण्याच्या जॅकेटपर्यंत ब्लॉकला चीर होती. तो ब्लॉक भंगारात गेला. त्या माणसाच्या गाडीवर कर्ज होतं. तुमचं इंजिन उघडलं तेव्हा मला तीच गाडी आठवत होती, म्हणून मी नाही म्हटलं.

दुसऱ्या ब्लॉकचं म्हणाल तर तो मी विकत नाही. माझ्याकडं टर्बोचा एकही ब्लॉक विकायला नाही. मी सांगितलं ते एवढंच, की टर्बो हवाच असेल तर मूळ टर्बोचं अख्खं इंजिन घ्या, त्याच्याच पंप, नोझल, ऑइल कूलर आणि रेडिएटरसकट, आणि कागदपत्रं असलेलंच घ्या. इंजिन नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो. ब्लॉक बदलला की तो नंबर आरसी बुकात चढवून घ्यावा लागतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मध्ये गाडीतल्या बदलांचे नियम आहेत. तुमची गाडी कर्नाटकातली, केए 22 ची आणि रोज गोव्याच्या हद्दीत जाणारी. नंबर घासलेला भंगारातला ब्लॉक स्वस्तात मिळतो, पण चेकपोस्टवर अडकलात किंवा अपघातानंतर विमेवाल्यानं बघितलं तर सोडवायला कुणी येत नाही. त्यामुळं नंबर नसलेल्या ब्लॉकला आम्ही हातच लावत नाही.

आणि तुमच्या खेपा कुठल्या आहेत हे मी विचारलं होतं, आठवत असेल. पहाटे मार्केटमधून भाजी भरून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट उतरून गोव्यातलं साखळी. येताना बहुतेक वेळा रिकामे क्रेट. म्हणजे मोठा उतार भरलेल्या गाडीचा आणि मोठा चढ रिकाम्या गाडीचा. कणकुंबीपर्यंतचे चढ भरून चढावे लागतात, पण ते चांगल्या कॉम्प्रेशनचं साधं इंजिन तिसऱ्या गिअरवर आरामात चढतं. तुमची गाडी तिथं दम टाकत होती कारण तिसरं सिलिंडर जवळजवळ मेलेलं होतं. नव्या बोअरवर तिला टर्बोची गरज भासणार नाही असं मला वाटतं. परतीला खत किंवा सिमेंट भरून घाट चढायचा तुमचा विचार असेल तर मात्र सांगा, मग मी स्वतःच तुम्हाला टर्बोचं अख्खं इंजिन बघायला सांगेन.

3,500 रुपयांत इंजिन उघडणं, धुणं, क्रॅक टेस्ट आणि मापं, एवढी मजुरी होती आणि ती झालेली आहे. पण आठ दिवस वाया घालवल्यावर ते पैसे ठेवायला माझं मन घेत नाही. ब्लॉकचं काम आमच्याकडं केलंत तर ते बिलातून वजा करतो. दुसरीकडं केलंत तरी दुकानात येऊन अर्धे परत घेऊन जा, मी काउंटरवर सांगून ठेवलंय. मापांचा कागद मराठीत लिहून ठेवलाय, तो कुठल्याही मेकॅनिकला दाखवा. माझ्या आकड्यांवर विश्वास नसेल तर बोअर गेज तुमच्या हातात देतो, तुमचा माणूस घेऊन या आणि समोर मोजा.

तोवर एक काम आजच करा. तुम्ही ब्लॉक टेंपोतून नेलात तेव्हा तो उघडाच होता. खानापूरकडचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. चारही बोअरला हातानं ऑइल चोळा, मेन बेअरिंगच्या जागांनाही, प्लास्टिकात गुंडाळा आणि जमिनीवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवा. बोअर गंजून खड्डे पडले तर आत्ता एका ओव्हरसाइजमध्ये निघणारा ब्लॉक दोन साइज पुढं जाईल.