मेटफॉर्मिन सोडून बर्बेरिन? जरा थांबा

फिरत असलेला संदेश थोडक्यात असा: मेटफॉर्मिन (मधुमेहाची नेहमीची गोळी) किडनी खराब करतं, बी-१२ जीवनसत्त्व संपवतं, पोट बिघडवतं. ते बंद करा, बर्बेरिनच्या (काही वनस्पतींत सापडणारं द्रव्य) कॅप्सूल घ्या, रोज चाला. साखर आपोआप ताळ्यावर येईल.

किडनीच्या बाबतीत गाडी उलटी जोडली आहे. मेटफॉर्मिन किडनीवाटे बाहेर पडतं, तिला इजा करत नाही. किडनी आधीच थकलेली असेल तर औषध अंगात साठतं आणि लॅक्टिक ॲसिडोसिसचा (रक्तात आम्ल साचण्याचा) दुर्मिळ पण गंभीर धोका वाढतो. म्हणून ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा रक्ततपासणीतला आकडा) ४५ च्या खाली गेला की डोस कमी करण्याचा विचार होतो आणि ३० च्या खाली औषध बंद.

बी-१२ चं मात्र खरं आहे, आणि नेमकं तेच संदेशात एका शब्दात उरकलंय. मेटफॉर्मिनमुळे बी-१२ आतड्यात कमी शोषलं जातं. यकृतात साठा असल्यामुळे कमतरता उघडी पडायला काही वर्षं जातात. तळपायांना मुंग्या, बधिरपणा ही तिची लक्षणं डायबेटिक न्यूरोपथीसारखीच (मधुमेहाने नसांना होणारी इजा), त्यामुळे ‘साखरेचंच असेल’ म्हणून विषय तिथेच संपतो. हिमोग्लोबिन नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त राहू नये. नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारतं, नसा मात्र खराब होतच राहतात. बी-१२ ची तपासणी त्याच्या गोळ्या सुरू करण्याआधी करावी, नंतरचा आकडा फसवा असतो. मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता. २०० ते ३०० म्हणजे काठावर. बहुतेकांना रोज बी-१२ ची १००० मायक्रोग्रॅमची गोळी पुरते. डोस एवढा मोठा का? त्यातला जेमतेम १ टक्का आतड्यातून आपसूक झिरपतो, आणि तेवढ्यावर भागतं. यासाठी मेटफॉर्मिन सोडावं लागत नाही.

पोट बिघडतं ते बहुधा घाईमुळे: पहिल्याच दिवशी पूर्ण डोस, तोही रिकाम्या पोटी. रात्रीच्या जेवणासोबत ५०० मिलिग्रॅमने सुरुवात करून डॉक्टरांच्या सल्ल्याने दर आठवड्याला ५०० वाढवले, तर बऱ्याच जणांना त्रास होत नाही. तरीही जुलाब थांबले नाहीत तर एक्सटेंडेड रिलीज (औषध हळूहळू सोडणारी) गोळी मागावी. ती चावू किंवा कुटू नये. (शौचात तिचं रिकामं कवच दिसलं तर घाबरू नका, औषध आत गेलेलं असतं.)

आता बर्बेरिन. त्याने साखर थोडीफार उतरते, पण जुलाब त्यानेही होतात! शिवाय काही औषधं पचवणाऱ्या यकृतातल्या एन्झाइमना ते अडवतं, त्यामुळे त्या औषधांची रक्तातली पातळी वाढते. गरोदरपणात तर नकोच.

चालायला कुणाचीच ना नाही. पण ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनने साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते, म्हणून ती घेणाऱ्यांनी आधी साखर तपासावी. ती ७० च्या खाली आली तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यावं आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजावं. सोबत व्होग्लिबोज किंवा ॲकार्बोज चालू असेल तर साधी साखर खाऊन वेळेत फरक पडत नाही, कारण आतड्यात तिचं ग्लुकोज होणंच ही औषधं लांबवतात. खिशात ग्लुकोजच हवं.