स्पीकर डोळ्यांनीच ऐकावा

स्पीकर घ्यायला निघालाय? मग डोळे सताड उघडे ठेवा. कान सोनारानेच टोचावेत हे खरं, पण टोचून झाल्यावर त्यांच्यावर विसंबलात की घात झालाच.

आधी किमतीची चिठ्ठी वाचा. सव्वा लाखाचा आकडा डोक्यात नीट बसला की बास (म्हणजे खर्जातला घुमता आवाज) आपोआप खोल जातो. मग कॅबिनेटवरून हात फिरवा. अक्रोडाचं लाकूड असेल तर आवाज 'उबदार', अ‍ॅल्युमिनियम असेल तर 'कोरडा पण बारकावे दाखवणारा', प्लॅस्टिक असेल तर निव्वळ कलकलाट. (इथपर्यंत काहीच वाजवायची गरज नाही.)

वाजवायचंच असेल तर महागडा जोड स्वस्तापेक्षा नावापुरता मोठ्याने लावा. एखादा डेसिबल पुरे. तेवढ्याने आवाज वाढलाय असं वाटत नाही, तो 'भरीव' आणि 'मोकळा' झालाय असं वाटतं. शिवाय हळू आवाजात आपल्या कानाला बास कमीच ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या ध्वनिसंशोधकांनी 1933 सालीच आलेख काढून दाखवलंय. दुकानदाराने ते आलेख पाहिलेले नसतात, पण त्याचा अंगठा रिमोटवर बरोबर चालतो. दोन्ही जोड एकाच जागी ठेवून ऐकायचा हट्टही धरू नका. महागडा कोपऱ्यात राहू दे. बास भिंती वाढवतात, कौतुक स्पीकरचं होतं.

जपायचं ते पडद्यापासून. 1994 मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी स्पीकर बनवणाऱ्या हरमन कंपनीच्याच 40 लोकांना 4 स्पीकर ऐकवले, एकदा पडद्याआड, एकदा उघड. दिसायला लागल्यावर मोठ्या, देखण्या स्पीकरांचे गुण वाढले आणि छोट्या स्वस्त संचाचे घसरले. ही माणसं स्पीकरच्याच धंद्यातली, बरं का! पडद्याआड स्पीकरची जागा बदलली तर त्यांना फरक कळायचा, उघड्यावर त्याचं फारसं काही वाटेनासं व्हायचं. एवढं होऊन कंपनी शहाणी झाली नाहीच. पुढे तिने पडद्यामागे 3-4 सेकंदांत स्पीकर बदलणारं यंत्रच बसवलं. लोकांच्या सुखावर उठलेली माणसं, दुसरं काय!

असला अविचार मीही एकदा केला. नवा जोड आणि माळ्यावरचा जुना शेजारी ठेवले, पुढे दोरीवर चादर टाकली आणि आईला खुर्चीत बसवलं. बडा ख्याल लावला. आधी एक जोड, मग दुसरा.

"मघाचा बरा होता. डग्गा नीट कळत होता. तोच लाव."

मघाचा म्हणजे माळ्यावरचा. तो पुन्हा जोडला, पण राहवेना. चादर ओढून काढली आणि नव्या जोडाचं बिल तिच्या हातात दिलं. चष्मा लावून तिने शून्यं मोजली, दोनदा.

"एवढ्याचा? मग हा नवा परत लाव बघू."

मी घाईघाईने रिमोट दाबला. आईने डोळे मिटले, मान डोलावली. "हो रे, हा किती स्वच्छ आहे! मघाशी माझं लक्ष नव्हतं."

वायर बदलायची राहूनच गेली होती, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.