हसण्याची मजुरी

काल रात्री तो जिन्यावरचा नाच पुन्हा पाहिला. १९३५ सालच्या ‘द लिटल कर्नल’ या हॉलिवूडच्या सिनेमातला. सहा वर्षांची बालकलाकार शर्ली टेंपल आणि पन्नाशी ओलांडलेला बिल ‘बोजँगल्स’ रॉबिन्सन, हातात हात घालून, बुटांच्या ठोक्यांवर, एकेक पायरी टॅप करत वर चढतात. रॉबिन्सन त्या काळचा अमेरिकेतला अव्वल टॅप नर्तक, आणि कृष्णवर्णीय. त्याच्या हातात एका गोऱ्या मुलीचा हात आहे एवढ्या कारणावरून दक्षिणेकडच्या राज्यांत हा तुकडा कापला गेला. ती त्याला ‘अंकल बिली’ म्हणायची. त्या जिन्यावर मला कामात बुडालेली दोन माणसं दिसतात. त्यातलं एक माणूस सहा वर्षांचं आहे, हे मात्र हल्ली डोक्यातून जात नाही.

शर्लीबद्दल बोलताना एक वाक्य हमखास येतं: १९३० च्या दशकातल्या महामंदीत लोकांना दुःख विसरायचं होतं, म्हणून ती चालली. मला हे अर्धवट वाटतं. १९३३ मध्ये अमेरिकेत दर चार कामगारांमागे साधारण एकजण बेकार होता. हजारो बँका बुडाल्या होत्या, बेकारी विमा देशभर लागू व्हायचा होता. घरात खाणारं एक तोंड कमी व्हावं म्हणून किशोरवयीन मुलं घर सोडून मालगाड्यांवर चढत होती. अशा माणसाने नाणी मोजून तिकीट काढलं, तर अंधारात बसून तो आपलं दुःख विसरत असेल? तिच्या सिनेमांत काय असायचं ते बघा. आई नाही, किंवा बाप नाही, किंवा दोघंही नाहीत. ‘ब्राइट आइज’मध्ये तर आई गाडीखाली सापडून जाते. पोरकं पोर एका घरातून दुसऱ्या घरात जातं. म्हणजे पडद्यावर त्यांचंच दुःख होतं. फरक एवढाच की तिथे एक मुलगी खमकेपणाने उभी राहायची आणि कुठल्यातरी तिरसट, पैसेवाल्या म्हाताऱ्याचं मन विरघळवून दाखवायची. श्रीमंतांची मनं विरघळली की सगळं ठीक होईल, ही त्या सिनेमांनी दिलेली आशा मला पटत नाही. पण ती घेऊन घरी जाणाऱ्या माणसाला नावं ठेवायला माझी जीभ धजत नाही. त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाच्या रांगेत उभं राहायचं होतं, आणि त्याला उभं राहायला बळ मिळालं असेल तर ते खरंच होतं.

आणि बळाची गरज फक्त प्रेक्षकांना होती असं नाही. मंदीत सिनेमाचा धंदाही गाळात गेला होता. प्रेक्षक घटले, थिएटरं बंद पडली. लोक यावेत म्हणून एका तिकिटात दोन सिनेमे दाखवायचे, बायकांना बशा-वाडगे भेट द्यायचे, सोडती काढायच्या. ती जिथे काम करायची तो फॉक्स स्टुडिओ मोठ्या आर्थिक संकटात होता आणि त्याला या मुलीने तारलं, असं आजही म्हटलं जातं. १९३५ ते १९३८ अशी सलग चार वर्षं ती तिकीटबारीवर देशात पहिली होती. मोठमोठे नायक तिच्या मागे. तिच्या नावाच्या बाहुल्या, फ्रॉक, पुस्तकं, सगळं धडाधड खपत होतं. आई रोज तिच्या केसांच्या मोजून ५६ बटा वळायची. लोकांचा धीर, स्टुडिओचा ताळेबंद आणि घरचा खर्च, असं सगळं ओझं त्या ५६ बटांखालच्या एका डोक्यावर.

याच्या आधीचा भाग तर सांगतानाही राग येतो. १९३२ मध्ये, चार वर्षांची असताना, ती ‘बेबी बर्लेस्क’ नावाच्या छोट्या सिनेमांत काम करत होती. लंगोटातली मुलं मोठ्यांच्या सिनेमांची नक्कल करायची. शर्लीला दारूच्या गुत्त्यातल्या नर्तकीचीही भूमिका दिली होती. सेटवर कोणी दंगा केला तर त्या मुलाला एका काळ्या खोलीवजा पेटीत बंद करायचे. आत बसायला बर्फाची लादी. हे तिने स्वतः पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. वेळ वाया घालवणं म्हणजे पैसा वाया घालवणं, हा धडा आपण तिथे शिकलो, असं तिचं म्हणणं. चार वर्षांच्या मुलीला हा धडा! आणि तीच पुढे ‘एका टेकमध्ये शॉट देणारी गुणी मुलगी’ म्हणून गाजली. त्या कौतुकातलं ‘गुणी’ मला आता ऐकवत नाही.

पैशाचं काय झालं? तिच्याआधी जॅकी कूगन होता, चॅप्लिनच्या ‘द किड’मधला तो पोरगा. एकवीस वर्षांचा झाल्यावर आपली कमाई मागायला गेला, तर आई आणि सावत्र बापाने ती उडवलेली. १९३८ मध्ये तो कोर्टात गेला. तेव्हाच्या कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार अल्पवयीन मुलाची कमाई आईबापांच्या मालकीची. लाखो डॉलर कमावलेल्या त्या मुलाच्या हाती शेवटी साधारण सव्वा लाख आले. त्याच्या प्रकरणामुळे १९३९ मध्ये बालकलाकारांच्या पैशांसाठी कायदा झाला, ज्याला ‘कूगन कायदा’ म्हणतात. पण त्यात पळवाटा होत्या. शर्ली बावीस वर्षांची असताना हिशोब उघडून बसली, तेव्हा बत्तीस लाख डॉलरच्या वर झालेल्या कमाईतले तिच्यासाठी ठेवलेले फक्त ४४ हजार उरले होते. वडील बँकेत नोकरी केलेले, हे विशेष.

आणि ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली ती गोष्ट आता सांगते. २५ जून १९३८ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ‘फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट’वर सही केली. मंदीतून निघालेल्या मोठ्या कायद्यांपैकी हा एक. किमान वेतन तासाला २५ सेंट ठरलं. कारखान्यांतून, खाणींतून लहान मुलांना बाहेर काढायची देशव्यापी तरतूद झाली. कितीतरी वर्षांच्या लढ्यानंतर मिळालेला कायदा आहे हा, त्याचं मोल मी कमी लेखत नाही. पण त्याच कायद्यात बालमजुरीच्या बंदीतून सिनेमा-नाटकांत काम करणारी मुलं वगळलेली आहेत. त्या वर्षी देशातली सगळ्यात लाडकी नटी दहा वर्षांची होती. देश तिला बघून हसत होता, आणि ती जे करते त्याला काम म्हणावं असं कायदा करणाऱ्यांना वाटलं नाही. मूल खेळतंय, नाचतंय, गातंय, मग त्यात मजुरी कसली? हाच गैरसमज आहे, आणि तो प्रेमातून येतो म्हणून जास्त घातक आहे. गिरणीतल्या मुलाचा थकवा चेहऱ्यावर दिसतो. हिची तर मजुरीच थकवा दिसू न देण्याची होती.

तिने आईवडिलांना दोष दिला नाही. पुढे घानामध्ये आणि चेकोस्लोव्हाकियात अमेरिकेची राजदूत झाली, मानाने जगली. पण १९४१ चा एप्रिल मला राहून राहून आठवतो. फॉक्सशी करार आदल्या वर्षीच संपला होता. घरी बाराव्या वाढदिवसाची तयारी होती, आणि तेव्हा तिला कळलं की आपण बारा नाही, तेरा वर्षांच्या झालोय. ती जास्त लहान वाटावी म्हणून १९३४ मध्ये तिच्या वयातून एक वर्ष कमी केलं होतं, आणि इतकी वर्षं ते तिला स्वतःलाही माहीत नव्हतं.